इंग्रजी वाक्प्रचार

ज्या शब्दसमूहाचा रूढ अर्थ त्यातील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून लागत नाही, त्यास वाक्प्रचार असे म्हणतात. मराठीत त्यास वाक्संप्रदाय किंवा नुसता संप्रदाय अशाही संज्ञा आहेत. इंग्रजीतील ‘इडियम’ ही संज्ञा ‘स्वतःचा’, ‘खास आपला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली असून प्रत्येक भाषेचे खास स्वतःचे असे जे बोलण्याचे वळण, ते तीत अभिप्रेत आहे. ‘टू किक द बकेट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ बादलीला लाथ मारणे असा होतो. रूढ अर्थ मात्र मरण पावणे असा आहे. मराठीतील ‘राम म्हणणे’ या वाक्प्रचारातही मरण्याचा वाचक असा एकही शब्द नाही. म्हण व वाक्प्रचार यांत भेद आहे. म्हण हे बहुधा स्वयंपूर्ण विधान असून तीत अनुभवाचे सार किंवा उपदेश असतो; वाक्प्रचार हा वाक्याचा घटक असतो व वाक्यात वापरल्यावाचून त्यास पूर्णता येत नाही.

भारतीय साहित्यशास्त्रात या प्रकाराचा विचार लक्षणा या शब्दशक्तीच्या अनुषंगाने झालेला आहे. मूळ अर्थ जुळेनासा झाला म्हणजे त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ घ्यावा लागतो व तो जेथे केवळ रूढीच्या बळावर घेतला जातो, तेथे रूढी लक्षणा मानतात. मम्मटाच्या काव्यप्रकाशात (अकरावे शतक) यासाठी ‘कुशल’ या शब्दाचे उदाहरण दिले आहे. दर्भ खुडून आणणारा हा त्याचा व्युत्पत्तिजन्य अर्थ मागे पडून निपुण हा अर्थ रूढ झाला. वाक्प्रचारात हीच क्रिया एका शब्दाऐवजी शब्दसमूहाच्या बाबतीत घडते.

लक्षणे : वाक्प्रचारातील शब्द सहसा बदलता येत नाहीत. ‘बकेट’ या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा ‘पेल’ हा शब्द घातल्यास वाक्प्रचार नाहीसा होऊन केवळ बादली उरते. व्याकरणिक फेरफारांनाही मर्यादा असतात. ‘किक द बकेट’ याचा कर्मणी प्रयोग केल्यास मृत्यूचा अर्थ लोपतो. उलट गुपित फोडणे या अर्थाच्या ‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचारास तसा फेरफार सोसतो. अर्थाच्या पारदर्शकतेतही पायऱ्या आहेत. ‘टू थ्रो लाइट ऑन’ म्हणजे प्रकाश टाकणे, याचा अर्थ प्रथम ऐकणाऱ्यासही उमगतो. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत पाहता, याचा अर्थ मात्र शिडाच्या जहाजांचे शास्त्र ठाऊक असल्यावाचून उलगडत नाही.

आणखी एक महत्त्वाचे लक्षण म्हणजे वाक्प्रचाराची पायरी, म्हणजेच तो कोणत्या प्रसंगी व कोणासमोर शोभतो हे होय. मरण या एकाच घटनेसाठी मराठीत कालवश होणे, निजधामास जाणे, राम म्हणणे, डोळे मिटणे, गचकणे असे अनेक प्रयोग आहेत; परंतु दुखवट्याच्या पत्रात यांतील पहिला चालतो व शेवटचा चालत नाही, हे मराठी माणसास शिकवावे लागत नाही. ‘किक द बकेट’ हा वाक्प्रचार ग्रामीण व बाजारू इंग्रजीचा कोश करणाऱ्या फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ मध्ये नोंदविला. तो आजही थट्टेच्या बोलण्यातलाच आहे. केवळ ‘मरणे’ एवढा अर्थ पाठ करून तो शोकसंदेशात योजणारा लेखक अर्थ बरोबर साधतो आणि प्रसंग मात्र बिघडवतो.

उगमस्थाने : इंग्रजी वाक्प्रचारांचा मोठा साठा बायबलच्या भाषांतरांतून आला. विल्यम टिंडल याची सोळाव्या शतकातील भाषांतरे आणि १६११ मध्ये प्रसिद्ध झालेली अधिकृत प्रत यांचे वाचन चर्चमध्ये व घरोघरी होत असल्याने त्यांतील शब्दप्रयोग बोलीत उतरले. ‘द राइटिंग ऑन द वॉल’ म्हणजे अटळ विनाशाचे पूर्वचिन्ह. बॅबिलोनच्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर गूढ अक्षरे उमटल्याच्या कथेवरून तो आला. ‘अॅट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी अखेरच्या घटकेला, ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ म्हणजे थोडक्यात बचावून, ‘द ब्लाइंड लीडिंग द ब्लाइंड’ म्हणजे अज्ञानी माणसाने अज्ञान्यास वाट दाखविणे, हे प्रयोगही बायबलमधीलच होत. शेक्सपिअरच्या नाटकांनी अनेक वाक्प्रचार जन्मास घातले किंवा प्रचारात आणले. ‘अ वाइल्ड गूज चेस’ म्हणजे निष्फळ धावाधाव, ‘अ पाउंड ऑफ फ्लेश’ म्हणजे कायद्याने देय असलेली परंतु निर्दय अशी वसुली, ‘द ग्रीन-आइड मॉन्स्टर’ म्हणजे मत्सर, ही त्यांची उदाहरणे आहेत.

ब्रिटन हे बेट असल्याने दर्यावर्दी जीवनातील वाक्प्रचार विपुल आहेत. ‘टू लर्न द रोप्स’ म्हणजे कामातील खाचाखोचा शिकून घेणे, ‘टू शो वन्स ट्रू कलर्स’ म्हणजे खरे रूप प्रकट करणे आणि ‘टू टेक द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स’ म्हणजे एखाद्याच्या शिडातील वारे काढून घेणे, हे त्यांपैकी काही. खेळांनी असाच हातभार लावला. ‘इट इज नॉट क्रिकेट’ म्हणजे हे सभ्यपणास धरून नाही, असे म्हणण्यात एक अख्खी नीतिकल्पना सामावली आहे. सरकारी कागद लाल फितीने बांधण्याच्या रिवाजावरून ‘रेड टेप’ म्हणजे नियमांच्या जंजाळातून होणारा विलंब, हा वाक्प्रचार रूढ झाला.

वाक्प्रचारांना चिकटलेल्या उत्पत्तिकथा मात्र जपून स्वीकाराव्या लागतात. ‘टू टर्न अ ब्लाइंड आय’ याच्याशी कोपनहेगनच्या लढाईत (१८०१) नेल्सनने आपल्या अंध डोळ्यास दुर्बीण लावून माघारीची खूण दिसत नसल्याचे सांगितल्याची कथा जोडली जाते. सयामचा राजा नावडत्या सरदारास पांढरा हत्ती देऊन त्यास पोसण्याच्या खर्चाने बुडवीत असे, ही कथा ‘अ व्हाइट एलिफंट’ याविषयी सांगतात. अशा कथा वाक्प्रचार लक्षात ठेवण्यास उपयोगी पडतात. पण पुराव्याचे काम त्या करू शकत नाहीत. मराठीतही ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराशी नारायणराव पेशव्यांच्या खुनाची (१७७३) आख्यायिका जोडलेली आहे व तिच्या ऐतिहासिकतेविषयी असाच सावधपणा बाळगावा लागतो.

नित्याच्या वापरातील वाक्प्रचार : रोजच्या बोलण्यात व वृत्तपत्रांत आढळणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ त्यांच्या मराठी प्रतिरूपांशेजारी ठेवले असता दोन्ही समाजांच्या जीवनाचे धागेदोरे उलगडतात. ‘टू मेक बोथ एंड्स मीट’ म्हणजे उत्पन्नात कसाबसा खर्च भागविणे. मराठीत यालाच हातातोंडाची गाठ पडणे म्हणतात. दोन टोके जुळविण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. मात्र मराठीने ती घासाशी बांधली आहे. ‘टू टाइटन वन्स बेल्ट’ म्हणजे पोटाला चिमटा घेऊन काटकसर करणे. ‘टू कट वन्स कोट अकॉर्डिंग टू वन्स क्लॉथ’ म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणे. ‘टू बर्न द मिडनाइट ऑइल’ म्हणजे रात्रीचा दिवस करणे. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपे काम. मराठीत हातचा मळ.

शरीरावयवांवर आधारलेले वाक्प्रचार दोन्ही भाषांत असंख्य आहेत. ‘टू टर्न अ ब्लाइंड आय’ याला कानाडोळा करणे हा नेमका पर्याय आहे. इंग्रज केवळ डोळा मिटतो, मराठी माणूस कानालाही सोबत घेतो. ‘टू गेट कोल्ड फीट’ म्हणजे ऐन वेळी कच खाणे. ‘टू लूज फेस’ म्हणजे चारचौघांत मान जाणे. हा वाक्प्रचार इंग्रजीने चिनी भाषेवरून घेतला असून मराठीत अशा वेळी नाक कापले जाते. प्राण्यांच्या वाक्प्रचारांपैकी ‘टू लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे अनवधानाने बिंग फोडणे. ‘टू फ्लॉग अ डेड हॉर्स’ म्हणजे निकालात निघालेल्या विषयावर व्यर्थ शक्ती खर्चणे. त्यास ‘पालथ्या घड्यावर पाणी’ हा पर्याय देण्याचा मोह होतो, परंतु पालथा घडा हा उपदेश न स्वीकारणाऱ्या माणसाचा आहे, संपलेल्या विषयाचा नव्हे. ‘टू टेक द बुल बाय द हॉर्न्स’ म्हणजे संकटास बेधडक सामोरे जाणे. यातील माणूस बैलाची शिंगे धरतो. मराठीतील ‘शिंगावर घेणे’ यात शिंगे माणसाचीच असतात.

‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस पडत आहे. याची उत्पत्ती अनिश्चित असून आजच्या इंग्रजी बोलण्यात तो जुनाट वाटतो. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित. एकाच इंग्रजी महिन्यात दुसऱ्यांदा येणाऱ्या पौर्णिमेस ‘ब्लू मून’ म्हणण्याची प्रथा आहे. मराठीने अशा दुर्मिळ प्रसंगासाठी पंचांगातील कपिलाषष्ठीचा योग निवडला. दोन्ही भाषांनी दुर्मिळता मोजण्यास आकाशाचीच मदत घ्यावी, हे लक्षणीय आहे.

फसवे साम्य : शब्दांत साम्य व अर्थात विरोध असलेले वाक्प्रचार भाषांतरकारास सर्वांत घातक ठरतात. ‘टू पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची फिरकी घेणे, निरुपद्रवी थट्टा करणे. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे पुढे जाणाऱ्याला मत्सराने मागे खेचणे. इंग्रज सहकाऱ्याने हसत केलेला हा उल्लेख शब्दशः मराठीत आणल्यास तो गंभीर आरोप ठरतो. ‘टू वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकणे. येशूला देहदंडासाठी सोपविताना रोमन सुभेदार पिलात याने लोकांसमोर हात धुतले, या प्रसंगावरून तो आला. मराठीत मात्र ‘हात धुऊन पाठीस लागणे’ म्हणजे पिच्छा न सोडणे आणि ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ म्हणजे आलेल्या संधीचा लाभ उठविणे. तीनही ठिकाणी हात धुतले जातात. पण एकात माणूस बाजूला होतो, दुसऱ्यात तो मागे लागतो व तिसऱ्यात लाभ उठवितो. ‘टू शो वन्स टीथ’ म्हणजे धमकावणे, तर मराठीतील ‘दात काढणे’ म्हणजे निर्लज्जपणे हसणे.

असा घोटाळा एकाच भाषेच्या दोन प्रदेशांतही होऊ शकतो. ‘टू टेबल’ याचा ब्रिटिश अर्थ विषय चर्चेसाठी मांडणे असा, तर अमेरिकन अर्थ तो लांबणीवर टाकणे असा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांची या एका शब्दावरून दीर्घ व कडवट वादावादी झाली आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे एकच असल्याचे उशिरा ध्यानात आले, असे विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नमूद केले आहे. महाराष्ट्र विधिमंडळात कागदपत्र सभागृहाच्या ‘पटलावर ठेवणे’ हा जो प्रयोग रूढ आहे, तो ब्रिटिश परंपरेस अनुसरून आहे. कायदा, करार व प्रशासन यांच्या भाषांतरात वाक्प्रचाराचे ज्ञान हा केवळ शैलीचा प्रश्न नसून हक्क व कर्तव्ये यांचा प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

मराठीतील प्रवेश : पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) मराठीचा इंग्रजीशी नित्याचा संबंध आला. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) मराठी वाक्प्रचार इंग्रजीत उलगडून दाखविले, तर कँडी यांच्या इंग्रजी–मराठी कोशाने (१८४७) उलट दिशेची वाट बांधली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या दर्पण पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापला जाई. एकाच बातमीची दोन रूपे अशी डोळ्यांसमोर येऊ लागली. पुढे शालेय पुस्तके, वृत्तपत्रे, न्यायालये व कचेऱ्या यांतील भाषांतरांमधून इंग्रजी वाक्प्रचारांचा ओघ वाढत गेला.

या ओघाशी मराठीने तीन प्रकारे व्यवहार केला. पहिला प्रकार प्रतिस्थापनाचा. इंग्रजी चित्र बाजूस ठेवून त्याच प्रसंगी वापरला जाणारा मराठी वाक्प्रचार योजायचा, हे त्याचे स्वरूप होय. अपरिचित मंडळींमधील संकोच दूर करण्यास इंग्रजीत ‘टू ब्रेक द आइस’ म्हणतात. नद्या गोठत नसलेल्या प्रदेशात बर्फ फोडण्याचे चित्र रुजले नाही व कोंडी फोडणे हाच प्रयोग टिकला. दुसरा प्रकार शब्दशः भाषांतराचा. प्रकाश टाकणे, भूमिका बजावणे, पडद्यामागील हालचाली, चहाच्या पेल्यातील वादळ, हंसगीत, नक्राश्रू, काळा बाजार, पांढरा हत्ती इ. प्रयोग या वाटेने आले. यांपैकी पांढऱ्या हत्तीची गोष्ट मनोरंजक आहे. मराठीत दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण. त्याच हत्तीला पांढरा रंग देताच तो बुडवणारा झाला. आज दोन्ही हत्ती मराठीत सुखाने नांदत आहेत.

तिसरा प्रकार रूपांतराचा असून तो सर्वांत जिवंत आहे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली व तिच्याबरोबर नवे चित्रविश्व आले. परवानगी देणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारात केवळ हिरवा प्रकाश आहे. मराठीने गार्डाच्या हातातील वस्तू पाहून ‘हिरवा कंदील दाखविणे’ असे म्हटले. ‘रेड टेप’चे प्रथम लाल फीत असे भाषांतर झाले, परंतु मराठी दप्तराचा कागद परंपरेने रुमालात बांधला जात असल्याने फितीपेक्षा ‘दप्तरदिरंगाई’ हा शब्द दोष अधिक नेमका दाखवितो. टिंडलने १५३० मध्ये घडविलेल्या ‘स्केपगोट’ या शब्दाचे ‘बळीचा बकरा’ असे रूप झाले. बायबलमधील विधीत दोन बोकड असतात. एकाचा बळी देतात व दुसऱ्यावर लोकांची पापे लादून त्याला अरण्यात सोडतात. इंग्रजी शब्द या दुसऱ्या, सुटलेल्या बोकडाचा आहे. मराठीतील बकरा जीव गमावतो. दुसऱ्याचे पाप निरपराध्याच्या माथी येणे, हा आशय मात्र दोहोंत कायम राहिला.

काही वाक्प्रचारांविषयी ते घेतलेले आहेत की मूळचेच आहेत, असा निर्णय करणे कठीण असते. आगीत तेल ओतणे, डोळ्यांत धूळ फेकणे, कान देणे यांना इंग्रजीत जुळे प्रयोग आहेत. परंतु आग, धूळ व कान ही कोणा एका भाषेची मालमत्ता नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण इसापाच्या कथेतील असून अशा कथा सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या इसापनीतिकथांसारख्या (१८२८) पुस्तकांतून मराठी मुलांच्या हाती आल्या. तेव्हा इंग्रजी हे येथे केवळ मधले दार होते.

कोणता वाक्प्रचार रुजतो व कोणता रुजत नाही, याचा पडताळा रस्त्यावरील एखाद्या ठिकाणीही घेता येतो. पुणे–सातारा रस्ता भोर तालुक्यातील सारोळे येथे नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो. या रस्त्याशी, पुलाशी व नदीशी जुळणारे तीन इंग्रजी वाक्प्रचार आहेत. पहिला, ‘अ माइलस्टोन’ म्हणजे प्रगतीचा महत्त्वाचा टप्पा. इंग्रजी अमदानीतील रस्त्यांवर मैलांचे दगड उभे राहिल्यावर ‘मैलाचा दगड’ हा प्रयोग मराठीत सहज रुजला. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारण्यात आली व पुढे रस्त्यांवरील दगड किलोमीटर मोजू लागले. तथापि कोणीही एखाद्या ग्रंथास साहित्यातील किलोमीटरचा दगड म्हणत नाही. मूळ वस्तू गेली तरी वाक्प्रचार राहतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. घोड्यावरील खोगिराच्या आच्छादनास गाशा म्हणतात हे ठाऊक नसलेली माणसेही ‘गाशा गुंडाळणे’ बिनदिक्कत वापरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

दुसरा वाक्प्रचार पुलाखालच्या पाण्याचा. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ आहेत. मधल्या काळात पुष्कळ फेरबदल झाले हा एक आणि झाले गेले ते उगाळण्यात अर्थ नाही हा दुसरा. ‘पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले’ असे म्हणताना मराठीने पहिलाच अर्थ उचलला. दुसऱ्यासाठी ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हा प्रयोग तिच्यापाशी आधीच होता आणि तो जागा सोडण्यास तयार नव्हता. तिसरा, ‘टू क्रॉस अ ब्रिज व्हेन वन कम्स टू इट’ म्हणजे अडचण प्रत्यक्ष उभी राहीपर्यंत तिची चिंता न करणे. तो मराठीत आलाच नाही. कारण ‘पुढचे पुढे पाहू’ हे तीन शब्द त्याचे सर्व काम करतात. पूल तोच असता एक वाक्प्रचार अर्धा स्वीकारला गेला व दुसरा पूर्णपणे नाकारला गेला. चित्र डोळ्यांसमोर असणे पुरेसे नाही; भाषेत त्या प्रसंगाची जागा रिकामी असावी लागते, हे यावरून दिसते. उलट जागा रिकामी असल्यास न पाहिलेले चित्रही चालते. हिमनग पाहिलेली मराठी माणसे विरळा. तथापि थोडे दिसते व पुष्कळ दडलेले असते, हे सांगण्यास ‘हिमनगाचे टोक’ आता सर्रास वापरले जाते.

इंग्रजी शब्द घेऊन स्वतंत्र वाक्प्रचार घडविण्याची प्रवृत्तीही मराठीत बळावली आहे. क्रिकेटमधून त्रिफळा उडणे, षटकार ठोकणे, गुगली टाकणे हे प्रयोग आले. परंतु पद किंवा उमेदवारी मिळविण्यासाठी आधीपासून वशिल्याची तजवीज करणे या अर्थाचे ‘फिल्डिंग लावणे’ हे इंग्रजांच्या क्रिकेटने कधी ऐकलेले नाही. उमेदवाराचा ‘पत्ता कट होणे’ हाही असाच मराठी टाकसाळीतील प्रयोग आहे. देवाणघेवाण एकतर्फी नाही. जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत ‘जगरनॉट’ हा शब्द चिरडत जाणाऱ्या अनावर शक्तीसाठी रूढ झाला. भारतीय इंग्रजीत गावी नसणे या अर्थी ‘आउट ऑफ स्टेशन’ हा कंपनी सरकारच्या काळातील ठाण्यांची आठवण देणारा प्रयोग अद्याप वापरात आहे, तर ‘डोके खाणे’ याचे शब्दशः इंग्रजी रूप भारतीयांना परस्परांत कळते व इंग्रजास गोंधळात टाकते.

कोश व अध्यापन : इंग्रजीत ब्रूअरच्या वाक्प्रचार व दंतकथांच्या कोशापासून (१८७०) अनेक संग्रह झाले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथाने (१९२५) वाक्प्रचारांच्या अभ्यासाकडे साहित्यिकांचे लक्ष वेधले; १९७५ व १९८३ मध्ये दोन खंडांत निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोशाने प्रत्येक वाक्प्रचाराचे व्याकरण व वापर यांची शास्त्रीय नोंद केली. मराठीत मॅनवेअरिंग यांचा म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये इंग्रजी स्पष्टीकरणासह निघाला. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश (दोन विभाग, १९४२–४७) हा या विषयावरील पायाभूत ग्रंथ होय. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने राज्यकारभारातील इंग्रजी वाक्प्रयोगांना मराठी पर्याय पुरविण्याचे काम हाती घेतले.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. शालान्त परीक्षांत व लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत वाक्प्रचारांवर प्रश्न येत असल्याने वाक्प्रचार व अर्थ अशा दोन रकान्यांच्या याद्या पाठ करण्याची पद्धत रूढ झाली आहे. नीरेकाठच्या खेड्यातील विद्यार्थ्यास पुष्कळदा अशी यादी हेच एकमेव साधन उपलब्ध असते. तिने परीक्षेतील गुण मिळू शकतात. परंतु कोणता वाक्प्रचार थट्टेचा, कोणता कचेरीचा, कोणता कालबाह्य, हे तिच्यातून कळत नाही व नोकरीतील पहिल्याच पत्रात त्याची उणीव भासते. यंत्राद्वारे होणाऱ्या भाषांतरातही चूक झाली, तर ती बहुधा अशाच जागी होते. वाक्प्रचार वाक्यासह शिकावा, वाक्य प्रसंगासह शिकावे आणि त्या प्रसंगी आपल्या घरी काय म्हणतात हे प्रथम आठवावे, ही रीत अधिक फलदायी आहे. तीत विद्यार्थ्याचे स्वतःच्या भाषेचे ज्ञान अडथळा न होता भांडवल ठरते. मोट, खळे, घोंगडी यांच्याशी निगडित मराठी वाक्प्रचार ज्याच्या कानावर आहेत, त्यास शिडे व दोरखंड यांच्याशी निगडित इंग्रजी वाक्प्रचारांचे मर्म लवकर उमगते. कारण शब्द आपला मूळ अर्थ टाकून प्रसंगाचा अर्थ कसा धारण करतात, हे त्याने मातृभाषेत अनुभवलेले असते.